पाच दिवसांची बाटली

त्या बाईच्या बोटाचा मला आजही राग येतो. तिचा चेहरा मी नीट पाहिला नाही, पण बोट पाहिलंय. ताई डबा घरी विसरली म्हणून एकदा मी तो द्यायला तिच्या कारखान्याच्या गेटवर गेले होते. सकाळची पाळी आत शिरत होती. मुलींची रांग लागलेली आणि रांगेच्या तोंडाशी सुपरवायझर बाई हातात छोटी टॉर्च घेऊन उभी. मुलगी पुढे आली की ती तिची खालची पापणी बोटाने ओढायची, टॉर्च मारायची. आत लाल दिसलं तर "घरी जा", नाहीतर "चल". मग पुढची मुलगी आणि तेच बोट. ना धुतलेलं, ना पुसलेलं. डोळे आलेल्या मुलीच्या पापणीवरून थेट चांगल्या मुलीच्या पापणीवर. आणि हे सगळं कशासाठी, तर डोळ्यांची साथ कारखान्यात शिरू नये म्हणून!

मी तिथेच बोलणार होते. माझा स्वभाव तसाच आहे, राग कायम नाकावर. पण ताईने रांगेतून माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा वॉचमनकडे दिला आणि गुपचूप परत फिरले.

गप्प बसायला कारण होतं. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. आमचे बाबा गिरणीतले. ते सकाळी आंघोळ करून, केस विंचरून पडवीत बसायचे आणि संध्याकाळी तिथूनच उठायचे. अंधेरी पूर्वेच्या बैठ्या चाळीतलं आमचं एका खोलीचं घर ताईच्या नोकरीवर चाललं होतं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहावी झाली आणि मरोळच्या बाजूला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात लागली. मायक्रोस्कोपला डोळे लावून केसाहून बारीक तारा जोडायच्या, दिवसभर. तिच्या हाताला कंप म्हणून नव्हता. आईला सुईत दोरा ओवायचा असला की ती हाक मारायची, "गो, हंय ये, तुझो हात बरो." मला पार्ल्याच्या कॉलेजात सायन्सला घालायचं हेही ताईनेच ठरवलं. "आपल्या घरात एकीने तरी इंग्रजी पुस्तकं वाचायची," म्हणाली. बाबा नाही म्हणायच्या आत फॉर्म भरून मोकळी झाली होती.

त्या वर्षी पाऊस संपता संपता उपनगरात डोळे येण्याची साथ आली. आमच्या चाळीत एकही घर सुटलं नाही. जो तो काळे चष्मे लावून फिरायचा. नळावर बायका एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या, कारण आलेल्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात अशी सगळ्यांची पक्की समजूत. आईने गुलाबपाण्याच्या पट्ट्या केल्या, धण्याच्या पाण्याने डोळे धुतले. तरी ताईचे डोळे टोमॅटोसारखे लाल. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, त्या मी कोमट पाण्याने सोडवायचे. दोन दिवसांचा खाडा झाल्यावर ती घाबरली आणि आम्ही नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली. डोळ्यात घालायची बाटली, इवलीशी. "दिवसातून चार वेळा, पाच दिवस. सहाव्या दिवशी मला दाखवायला ये." मी शेजारीच उभी होते, मी हे माझ्या कानांनी ऐकलं. त्यामुळे त्या डॉक्टरला शिव्या घालता येत नाहीत मला, कितीही वाटलं तरी.

औषध झकास निघालं. दुसऱ्या दिवशी लाली उतरली, तिसऱ्या दिवशी डोळे स्वच्छ. ताई कामावर गेली. सहाव्या दिवशी दाखवायला गेली नाही. बऱ्या झालेल्या डोळ्यांचं डॉक्टरला काय दाखवायचं? त्यात पुन्हा अर्धा दिवस खाडा. बाटलीत अर्धं औषध उरलं होतं, ते तिने पर्समध्ये टाकलं.

आणि तिथेच वाट लागली.

साथ महिन्याभरात ओसरली, पण गेटवरची टॉर्च गेली नाही. साहेबांना ती पद्धत आवडली असणार. परदेशातून पाहुणे माल बघायला यायचे, तेव्हा लाल डोळ्यांच्या मुली समोर नकोत. आता आठ-आठ तास मायक्रोस्कोपमध्ये डोळे घालून, वर जोडकामाचा धूर खाऊन कुणाचे डोळे पांढरे राहतील? कंपनीच लाल करणार आणि कंपनीच घरी पाठवणार! मुलींनी मग आपला उपाय काढला. कारखान्याच्या आधी एका गोदामाची भिंत होती. त्या भिंतीआड पाच-सहाजणी जमायच्या, ताई पर्समधून बाटली काढायची आणि सगळ्या माना मागे टाकून रांगेत उभ्या राहायच्या. थेंब घालायचं काम ताईचं, कारण तिचाच हात स्थिर. बाटलीचं टोक कुणाच्या पापणीला लागलं तर लागलं. त्या बाटलीला त्या गेटपास म्हणायच्या. ताई हे घरी हसत हसत सांगायची आणि मीसुद्धा हसायचे.

बाकीच्या अधूनमधून घालायच्या. ताई मात्र नेमाने, सकाळी उठल्यावर, भिंतीआड आणि झोपताना. कारण तिने दोन दिवस औषध बंद केलं की डोळे पुन्हा लाल व्हायचे. यावरून आम्ही काय समजलो, तर औषध तिला लागतंच. एवढी अक्कल आमची! आई तर कौतुकाने सांगायची, "माझ्या चेडवाचे डोळे बघा, कसे दुधासारखे."

बाटली आठवड्याभरात संपायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक केमिस्ट होता, किडकिडीत, कायम कपाळाला आठ्या. त्याने दोनदा दिली. तिसऱ्यांदा मी गेले तर म्हणाला, "चिठ्ठी आण. हे रोज घालायचं औषध नाही."

"आधी दोनदा दिलंत ना? तेव्हा चिठ्ठी नाही लागली?" मी म्हटलं.

"चुकलं माझं. आता नाही देणार."

"राहू दे तुमचं दुकान तुमच्यापाशी!" असं गिऱ्हाइकांसमोर ओरडून मी निघून आले. घरी येऊन सांगितलं तर सगळे माझ्याच बाजूने. बाबा म्हणाले, "स्वतःला डॉक्टर समजतो काय?" त्या दिवसापासून आम्ही त्याला शहाणा म्हणू लागलो. शहाण्याकडे पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. त्या एका माणसाने आम्हाला खरं सांगितलं आणि त्या एकाच माणसाशी आम्ही बोलणं टाकलं.

मग मी पार्ल्याला कॉलेजच्या रस्त्यावरचा केमिस्ट शोधला. हा गोड बोलायचा, बाळ म्हणायचा. औषधाच्या खोक्याचं झाकण फाडून पर्समध्ये ठेवायचं आणि ते दाखवलं की तेच औषध मिळतं, ही आपल्याकडे घरोघरची पद्धत. तो झाकण बघायचा, फळीवरून खोकं काढायचा, "आणि काय देऊ बाळ?" विचारायचा. चिठ्ठीचं नाव नाही. लेक्चर सुटलं की मी ते घ्यायचे आणि संध्याकाळी ताईच्या हातात द्यायचे. घरासाठी मी काहीतरी करते याचं मला केवढं समाधान होतं, ते आठवलं की आज अंगाचा तिळपापड होतो.

खोक्यात बाटलीभोवती एक कागद असायचा. पातळ, लांबट, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांनी भरलेला. बाटली ताईची, झाकण माझ्या पर्समध्ये, आणि तो कागद मी उभी घडी करून माझ्या झुऑलॉजीच्या पुस्तकात खूण म्हणून घालायचे. घडी छान बसायची त्याची. नेहमीच्या कागदासारखा जाड नाही, पुस्तक फुगत नाही. एक फाटला की दुसरा.

असं दीड वर्ष चाललं.

पहिल्यांदा ताईने बल्बचं सांगितलं. "बल्बभोवती रंगीत कडं दिसतं गं, इंद्रधनुष्यासारखं."

"मजा आहे तुझी. आमच्या बल्बला नुसता उजेड येतो," मी म्हटलं.

मग ती धडपडायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. जेवताना बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला हात लागून उलटायचा. एकदा नाही, रोज. आई वैतागायची. "गो, डोळे खंय असत तुझे?" मी तर तिच्या नकला करायचे, पेला उलटण्याच्या, चौकटीला धडकण्याच्या. चाळीतल्या बायकांना करून दाखवायचे. ताईसुद्धा हसायची. कामावर तिचं काहीच अडत नव्हतं ना! मायक्रोस्कोपमध्ये समोरचं तेवढंच बघायचं असतं, आणि समोरचं तिला लख्ख दिसत होतं. कंपनी दर सहा महिन्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची. ताई शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचायची. तिच्या कार्डावर नजर उत्तम असा शिक्का होता.

हिवाळ्याच्या अखेरीस कारखान्यातल्या मुलींची सहल मनोरीला निघाली. ताईने मलाही नेलं. मार्व्याहून होडीने पलीकडे गेलो. उतरताना होडी आणि धक्का यांच्यामध्ये एक फळी टाकलेली होती. चांगली हातभर रुंद, भर दुपारचं ऊन. सगळ्या टणाटण चालत गेल्या. ताईने फळी सोडून थेट पाण्यात पाय टाकला. गुडघाभर चिखल होता म्हणून निभावलं. मुली खो खो हसल्या आणि सगळ्यांत मोठ्याने मी. साडी पिळता पिळता ताई माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "मला फळी दिसलीच नाही गं."

"खाली बघितलंस तरी का?"

"खालचं दिसतच नाही. मान खाली घातली तरच दिसतं." मग म्हणाली, "बाजूचंही नाही."

माझं हसू तिथेच आटलं. परतीच्या होडीत मी तिला माझ्या आणि कठड्याच्या मध्ये बसवलं आणि तिचा पदर घट्ट धरून ठेवला.

त्याच आठवड्यात आम्ही मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. डोळ्यांच्या डॉक्टर वयस्क होत्या, फार बोलत नसत. त्यांनी ताईचा एक डोळा झाकला, समोर बघत राहायला सांगितलं आणि आपलं बोट बाजूला, कानाच्या रेषेत धरून हळूहळू पुढे आणायला लागल्या. "बोट दिसलं की सांग."

मी मागे उभी होते. बोट निघालं. मला ते दिसत होतं, डॉक्टरांना दिसत होतं, शेजारच्या बाकावरच्या म्हातारीलाही दिसत होतं. ताई गप्प. बोट गालाच्या रेषेत आलं. ताई गप्प. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं आलं, ते बघ, आलं! बोट नाकासमोर यायला आलं तेव्हा ताई उत्साहाने म्हणाली, "आता!" तिला वाटलं, आपण बरोबर सांगितलं.

वरून, खालून, दुसऱ्या बाजूने, सगळीकडून तेच. मग त्यांनी डोळ्यातला दाब मोजला आणि विचारलं, "डोळ्यात काही घालतेस का?" ताईने पर्समधून बाटली काढून दिली. डॉक्टरांनी ती उजेडात धरून वाचली.

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि चष्मा काढला. मग समजावून सांगितलं, शांतपणे, कुणालाही न रागावता. या एका बाटलीत दोन औषधं असतात. एक जंतू मारतं. दुसरं सूज आणि लाली घालवतं, त्याला स्टेरॉइड म्हणतात. चार-पाच दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली, योग्य डोळ्याला दिलं तर औषध उत्तम आहे, मीही देते. पण ते दुसरं औषध महिनोन्महिने घातलं तर काही जणांच्या डोळ्यात दाब वाढतो. दुखत नाही. लालसुद्धा होत नाही, लाली तर तेच दाबून ठेवतं. नजर कडेकडेने जाते आणि समोरची शेवटी जाते. याला काचबिंदू म्हणतात.

"मग आता परत कधी येईल?" ताईने विचारलं.

"गेलेली परत येत नाही. उरलेली राखायची. ऑपरेशन करावं लागेल."

"बाकीच्या मुलीही घालत होत्या. माझ्याच डोळ्यांना का?"

"सगळ्यांना होत नाही. त्यांनाही तपासायला पाठव," डॉक्टर म्हणाल्या. ताईने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी खरंच एकेकीला घरी जाऊन सांगून आली. मी मात्र भांडायला निघाले.

आधी कंपनीत, भरपाई मागायला. तिथल्या साहेबाने ताईचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. "बघा, नजर उत्तम. आमच्याकडे काही झालेलं नाही." मी म्हटलं, मग तिला कामावर घ्या. तर म्हणाला, काचबिंदूवाली मुलगी मायक्रोस्कोपवर कशी बसवणार? एकाच तोंडाने दोन्ही! नजर उत्तम म्हणून भरपाई नाही आणि नजर गेली म्हणून नोकरी नाही. मी टेबलावर हात आपटला, त्यांच्या टॉर्चचा विषय काढला, त्या बाईच्या बोटाचाही. वॉचमनने मला दंडाला धरून बाहेर आणलं. बिचारा म्हणत होता, "चला ताई, चला, काय उपयोग?"

मग पार्ल्याला. दुकानात गर्दी होती. मला गर्दीच हवी होती.

"माझ्या बहिणीचे डोळे घालवलेत तुम्ही! चिठ्ठी नाही, विचारपूस नाही, झाकण बघून विष विकता?"

तो आजही बाळच म्हणाला. "विष कशाला असेल बाळ? डॉक्टर लोक रोज लिहून देतात. आणि न्यायला तर तूच यायचीस ना? दर आठवड्याला?" मग काउंटरवर पुढे झुकून, अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "खोक्यात कागद असतो. त्यावर सगळं छापलेलं असतं. कॉलेजात जातेस ना तू? वाचता येतं ना?"

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. त्याने चिठ्ठीशिवाय औषध विकलं हा गुन्हाच होता, आजही मी तेच म्हणेन. पण त्या क्षणी माझी तळपायाची आग मस्तकात जायच्या ऐवजी मध्येच कुठेतरी विझली.

घरी येऊन मी पुस्तक काढलं. खूण होती तिथेच होती. मी तो कागद उलगडला आणि पहिल्यांदा वाचला. फार शोधावं लागलं नाही. दुसऱ्या बाजूला, वरून तिसरी ओळ. दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. साधं, सोपं इंग्रजी होतं. मला त्यातला एकही शब्द अडला नाही. मी कागद पुन्हा घडी करून होता तिथे ठेवला आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

ताईचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यात समोरचं थोडं वाचलं, दारच्या नळाच्या पाइपातून बघावं तेवढं. उजव्यात उजेड कळतो, बाकी काही नाही. बाबांनी मरोळला एका गाळ्यात पॅकिंगचं काम धरलं. आई पेले आता ताईच्या अगदी समोर ठेवते आणि काही बोलत नाही. मी मात्र सगळ्यांवर डाफरत राहिले. कंपनी, केमिस्ट, नळावरच्या बायका, वर आईसुद्धा, कारण ती दुधासारखे डोळे म्हणाली होती. गल्लीतल्या शहाण्याच्या दुकानासमोरून जाताना तेवढी मान खाली घालायचे.

एका दुपारी मी अभ्यास करत होते. ताई येऊन जवळ बसली. "तुझ्या पुस्तकात डोळ्याचं चित्र असेल ना? दाखव ना गं. नेमकं कुठे काय झालं ते बघू."

मी टाळलं. "आहे कुठेतरी. मग दाखवते."

"मीच शोधते." तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पानं चाळली आणि ते खुणेपाशी उघडलं. कागद तिच्या हातात आला. तिने तो उलगडला, डाव्या डोळ्यासमोर आणला. मुंगीएवढी अक्षरं, पण समोर धरल्यावर तिला त्यांची काय मातब्बरी? याहून बारीक आकडे ती कारखान्यात वर्षानुवर्षं वाचत आली होती. तिने बाटलीचं नाव ओळखलं. मग एकेक शब्द बोट ठेवून वाचायला लागली, आमच्या शाळेतल्या इंग्रजीत, अडखळत. कागद उलटला. तिसऱ्या ओळीवर थांबली.

"हे आय म्हणजे डोळा. हे प्रेशर. आणि हे पर्मनंट. पूर्ण वाक्याचा अर्थ काय गं?"

मी अर्थ सांगितला, शब्दाला शब्द.

तिने त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "हा तुझ्याकडे कधीपासून?"

"तू पहिली बाटली मागवलीस ना पार्ल्याहून, तेव्हापासून. हा नाही, हा शेवटचा. आधीचे फाटले."

मी वाट बघत होते. ओरड, मार, केस ओढ, काहीतरी कर. तिने तसं काहीच केलं नाही. कागद मांडीवर ठेवला, नखाने दाबून पहिल्यासारखी उभी घडी घातली.

"घडी छान घालतेस तू," ताई म्हणाली.

मग तो पुस्तकात ठेवायला तिने हात पुढे केला. पुस्तक तिच्या उजव्या गुडघ्याशी उघडं पडलं होतं. हात चटईवरून फिरला, पुढे गेला, मागे आला. शेवटी मी पुस्तक उचललं आणि तिच्या समोर धरलं.